अडीच अंशांचं कोडं

दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळलेली होती, आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता, कॅमेरा चालू होता, आणि तरीही फोटोत मृग नव्हता. काळ्या चौकटीत कुठलेसे फुटकळ तारे तेवढे लुकलुकत होते.

"असं कसं होईल?" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "एवढं मोठं नक्षत्र काय कुणी खिशात घालून नेलं?"

"मला खिसे नाहीत," टेहळ्या म्हणाला.

टेहळ्या म्हणजे आमच्या दुर्बिणीचं डोकं. दिसायला तो एक साधी करड्या रंगाची पेटी आहे. तिच्या आतली आज्ञावली (यंत्राने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं ते सांगणाऱ्या सूचना) अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, चार वर्षं खपून लिहिली. अण्णा खगोलशास्त्रज्ञ. मोठ्या वेधशाळेतून निवृत्त झाल्यावर सगळे आराम करतात. अण्णांनी आमच्या गच्चीवर छोटी वेधशाळा बांधायला घेतली. टेहळ्याला नाव मात्र मी दिलं, आणि त्याचा खवचटपणा कुठून आला याबद्दल आई आमच्या दोघांकडेही संशयाने बघते.

आमचं गाव भोकरपठार हे अंधारगाव आहे. अशी गावं आता बरीच झाली आहेत. तिथे रस्त्यावरच्या दिव्यांना टोप्या घातलेल्या असतात आणि दिवेलागणीनंतर कुणी उघड्यावर मोबाईल काढत नाही, कारण उजेड वर गेला की तारे पुसट होतात. आमच्या घरात तर सगळे मोबाईल संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या डब्यात जातात. म्हणूनच 'अखंड रात्र'वाल्यांनी आम्हाला संधी दिली होती.

'अखंड रात्र' ही जगभरातल्या छोट्या दुर्बिणींची साखळी. एका देशात उजाडलं की तिथली दुर्बीण झोपते आणि पश्चिमेकडची दुसरी काम उचलते. असं करत एखाद्या वस्तूवर चोवीस तास नजर ठेवता येते. तीनच दिवसांपूर्वी एक नवा लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारा मोठा दगड) सापडला होता. आकाराने आमच्या गावामागच्या टेकडीएवढा! तो पृथ्वीजवळून जाणार होता. किती जवळून, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. साखळीत आमच्या बाजूला भोक पडलं होतं, आणि ते आम्ही बुजवू शकत होतो.

पण आधी परीक्षा. मृगातल्या तेजोमेघाचा (जिथे नवे तारे जन्मतात त्या वायूच्या ढगाचा) फोटो टेहळ्याने आपल्या आपण काढायचा, कुणी दुर्बिणीला हात लावायचा नाही. संधी तीन. पहिल्या वेळी मी दुर्बिणीचं झाकण काढायलाच विसरले, त्यावरून घरात अजून बोलणी खाते (तेव्हापासून अण्णांनी झाकणालाही मोटार बसवली आहे). दुसऱ्या वेळी असेच भलतेच तारे आले. आजची तिसरी आणि शेवटची वेळ होती. साडेआठपर्यंत फोटो गेला नाही, तर आमची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"आठ वाजून दोन मिनिटं," टेहळ्याने कळवलं.

मी पुन्हा पडद्यात डोकं खुपसलं.

अण्णा मात्र खुर्चीत शांत बसले होते. "जुई, मागच्या आठवड्यात आपण टेहळ्याला काय नवीन शिकवलं?"

"तारे ओळखायला."

"मग विचार ना त्याला! आपण कुठे बघत नाही, हे कळलं. कुठे बघतोय, ते विचार."

त्या आठवड्यात आम्ही टेहळ्याच्या पोटात लाखो ताऱ्यांची यादी भरली होती. प्रत्येक तारा कुठे आहे आणि किती ठळक आहे, ते तिच्यात लिहिलेलं. फोटो आला की टेहळ्या त्यातले तीन-तीन तारे घेऊन मनातल्या मनात त्रिकोण काढतो. कुठल्या त्रिकोणाच्या बाजू कशा प्रमाणात आहेत ते बघतो, आणि तस्साच त्रिकोण यादीत शोधतो. एक जुळला तर योगायोग असू शकतो. पण वीस-पंचवीस जुळले की मग शंकाच नको. अण्णा याला ठसा जुळवणं म्हणतात, कारण आकाशाच्या प्रत्येक तुकड्याची ठेवण वेगळी असते, आपल्या अंगठ्यासारखी.

"टेहळ्या, ठसा जुळव."

पेटी गुरगुरली. "जुळला. एकेचाळीस त्रिकोण. दुर्बीण तेजोमेघाच्या पश्चिमेला अडीच अंश बघते आहे."

मी आकाशाकडे पाहिलं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे अडीच अंश म्हणजे पाच चंद्र शेजारी शेजारी. नळीकडे नुसतं बघून एवढा फरक कळत नाही. पण आमच्या कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम दोन चंद्र मावतात. तेजोमेघ चौकटीबाहेर राहिला होता तो असा!

"मग झालं की!" मी टाळी वाजवली. "अण्णा, टेहळ्याला सांगा, आहेस तिथून पूर्वेला अडीच अंश सरक. फोटो काढू, पाठवू, काम फत्ते!"

"सरकेल की तो. पण चूक का झाली?"

"का झाली ते उद्या बघू ना!"

"अंहं." अण्णांचा आवाज चढत नाही, पण तो 'अंहं' आला की भिंतसुद्धा हलत नाही हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. "ताप आला म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवतेस का? चूक कशाची आहे तेच माहीत नसेल, तर लघुग्रहाच्या फोटोत ती कुठून डोकं वर काढेल, सांगता येणार नाही."

"आठ वाजून नऊ मिनिटं," टेहळ्या म्हणाला.

मला भयंकर राग आला. चार वर्षं यांनी खपायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत कोडी सोडवत बसायचं! पण अण्णांशी भांडायलाही वेळ नव्हता. मी नाक पुसलं आणि विचार करायला लागले.

"माउंट वाकडा असेल," मी म्हटलं. माउंट म्हणजे दुर्बिणीची फिरती बैठक. तिचा कणा नेमका ध्रुवताऱ्याजवळच्या बिंदूकडे रोखावा लागतो, कारण सगळं आकाश त्याच बिंदूभोवती फिरताना दिसतं.

"तपासायचं कसं?"

"दुसरीकडे बघून. बैठक वाकडी असेल, तर आकाशाच्या वेगळ्या भागात चूकही वेगळी येईल."

अण्णा हसले. मी टेहळ्याला प्रश्वा नावाच्या ठळक ताऱ्याकडे वळायला सांगितलं. प्रश्वा मृगापासून बराच दूर, पूर्वेला होता. बैठकीच्या मोटारी किर्र वाजल्या, फोटो आला, त्रिकोण जुळले.

"प्रश्वाच्या पश्चिमेला अडीच अंश," टेहळ्या म्हणाला. "उत्तर-दक्षिण चूक नाही."

पुन्हा पश्चिमेलाच, आणि पुन्हा तेवढीच! म्हणजे बैठक निर्दोष होती. मी गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागले. उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही, फक्त पूर्व-पश्चिम. पूर्व-पश्चिम काय सरकतं? सगळं आकाश! पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यामुळेच टेहळ्याला सुरू करताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपण पृथ्वीवर कुठे आहोत, आणि आत्ता किती वाजलेत. त्याशिवाय कुठला तारा या घडीला कुठे असेल, हे त्याला काढताच येत नाही.

"गावाचे अक्षांश-रेखांश बरोबर आहेत?"

"तीनदा तपासलेत," टेहळ्या म्हणाला. "आठ वाजून अठरा मिनिटं."

उरली वेळ. पण वेळ तर मी स्वतः घातली होती. पेटीतली घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली होती, आणि दुर्बिणीचं डोकं बाहेरच्या कुणाच्या हाती नको म्हणून अण्णांनी पेटी इंटरनेटला जोडली नव्हती. त्यामुळे दर वेळी वेळ हाताने भरावी लागायची. मी ती सेकंदासकट भरली होती! जिन्याच्या दारातून स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्याच्या काट्यावर नजर ठेवून बरोब्बर टिचकी मारली होती.

तरीही मी हिशोब केला. चोवीस तासांत तीनशे साठ अंश. म्हणजे एका तासात पंधरा अंश. म्हणजे एक अंश सरकायला चार मिनिटं. आणि अडीच अंश सरकायला...

दहा मिनिटं.

मी जागच्या जागी थांबले.

"आई!" मी जिन्यातून एवढ्या मोठ्याने ओरडले की खाली भांडं पडल्याचा आवाज आला. "आई, तुझं घड्याळ!"

माझी आई आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिची सकाळची बस सातला दहा कमी असताना सुटते. एकदा ती बस चुकली, आणि त्या दिवसापासून आमच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की मनातून दहा मिनिटं कधी वजा होतात, ते कळतही नाही. शाळेला जाताना मी वजा करते, जेवायला बसताना वजा करते. पण पेटीत आकडा भरताना मी जे दिसलं तेच लिहिलं, सेकंदासकट!

आई पदराला हात पुसत वर आली. "माझ्या घड्याळाचं नाव काढायचं नाही हं. तेच आहे म्हणून या घरात कुणी वेळेवर आंघोळ करतं."

"अगं, तसं नाही! तू आम्हाला बस यायच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर उभं करतेस ना? तसंच तू दुर्बिणीलाही केलंस. मृग दहा मिनिटांनी जिथे येणार होता, तिथे ती आधीच जाऊन उभी राहिली!"

अण्णा एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग एकदम गंभीर झाले. "जुई, आता सांग. तू म्हणत होतीस तसं नुसतं सरकवून फोटो पाठवले असते, तर?"

"फोटो छान आला असता. पण..." आणि मग माझ्या अंगावर काटाच आला. "त्याच्यावर वेळ चुकीची पडली असती!"

तेजोमेघ बिचारा आहे तिथेच असतो, त्याच्या फोटोवर दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर कुणाला कळणार नाही. पण लघुग्रह धावत असतो. तो कुठे होता आणि नेमका कधी होता, या दोन्हींवरून त्याची वाट काढतात. आमच्या दहा मिनिटांनी सगळ्या साखळीचं गणित नासलं असतं, आणि तेही आम्हाला शाबासकी मिळाल्यानंतर.

"आठ वाजून तेवीस मिनिटं," टेहळ्या म्हणाला.

"नाही वाजलेत!" मी नाचायलाच लागले. "टेहळ्या, आठ वाजून तेराच मिनिटं झालीत! आपल्याला दहा मिनिटं फुकट मिळाली!"

"माझी हरकत नाही," टेहळ्या म्हणाला.

आईने डब्यातून मोबाईल काढला आणि जिन्याच्या तळाशी उभी राहून खरी वेळ ओरडून सांगितली. "तीस सेकंद... चाळीस... आता!" मी टिचकी मारली. दुर्बीण पुन्हा मृगाकडे फिरली. आई वर आली आणि आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. कॅमेरा दीड मिनिट प्रकाश गोळा करत राहिला, आणि मग चौकट हळूहळू वरून खाली भरायला लागली.

आधी काळोख. मग चार तारे. आणि मग चौकटीच्या अगदी मधोमध पंख पसरलेला, गुलाबी, धुरकट, जिवंत वाटणारा तेजोमेघ!

मी किंचाळले. आई "अगंबाई!" म्हणाली. अण्णांचे डोळे भरून आले होते. मी ते पाहिलं, आणि मलाही रडू आलं, इतका मला आनंद झाला होता. मग मी पेटीतलं कार्ड काढून खाली पळाले आणि स्वयंपाकघरातल्या संगणकावरून फोटो पाठवला. खऱ्या घड्याळात आठ वाजून बावीस मिनिटं झाली होती. आईच्या घड्याळात आठ बत्तीस. त्या घड्याळाचं ऐकलं असतं, तर आम्ही हरलोच असतो.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'अखंड रात्र'च्या नकाशावर, सातपुड्याच्या कडेला, एक नवा हिरवा ठिपका लागला. खाली लिहिलं होतं, भोकरपठार. आणि त्याखाली लघुग्रहाचा पत्ता.

त्या रात्री टेहळ्याने एकट्याने काम केलं. त्याने साठ फोटो काढले, लघुग्रह क्षितिजाकडे झुकला तसं काम थांबवलं, आणि मग झाकणसुद्धा स्वतःच लावलं. आम्ही सगळे तेव्हा गाढ झोपलो होतो. सकाळी मी ते कार्ड खाली नेलं आणि सगळे फोटो पाठवले.

चार दिवसांनी साखळीचा निकाल लागला. जपानपासून मोरोक्कोपर्यंतच्या बावीस दुर्बिणींचे फोटो जोडून लघुग्रहाची वाट पक्की झाली होती. आत्ता तो दुरून निघून जाणार होता. बारा वर्षांनी मात्र तो परत येणार आहे, आणि तेव्हाही सुखरूप अंतरावरून, पण इतका जवळून की नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तारीख ठरली, वेळ ठरली, मिनिटसुद्धा ठरलं. त्या बावीस नावांत आमचंही नाव होतं.

आईचं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच आहे. फक्त त्याच्याखाली मी एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'फक्त माणसांसाठी'.

"बारा वर्षांनी तू चोवीसची असशील," त्या संध्याकाळी गच्चीवर अण्णा म्हणाले. "कुठे का असेनास, त्या रात्री इथे ये. आपण मिळून बघू."

"येईन," मी म्हटलं. "अगदी मिनिटावर येईन."

"मिनिटावर नको," आई जिन्यातून म्हणाली. "दहा मिनिटं आधी ये."