शब्दकोशाच्या पाठीतला कागद

“आई, त्याला विचार, मीठ हवंय का,” ताई म्हणाली. तो तिच्या समोरच, हातभर अंतरावर बसला होता.

“आई, तिला सांग, नको,” धाकटा म्हणाला.

आईने मिठाची बाटली दोघांच्या मधोमध आदळली. आठ दिवस हे असंच चाललं होतं, आणि परवा तर धाकट्याचं विमान होतं! ताईचा जीव आतल्या आत तुटत होता. पण अबोला तिनेच धरलेला, तो मोडायचा कुणी?...

भांडण झालं ते एका कारणावरून. परदेशी शिकायला का जायचंय, तर बाबांना त्याने सांगितलं, तिथली पदवी जगभर चालते. आईला सांगितलं, तिथल्या हवेत सर्दी होत नाही. आणि ताईला सांगितलं, तिथलं ग्रंथालय सात मजली आहे. गावातल्या ग्रंथालयाचा जिना जो कधी चढला नव्हता, तो हे सांगत होता! एका माणसाची तीन कारणं म्हणजे एकही खरं नाही, हे ताईने ओळखलं. याला आम्हीच नकोसे झालोय, असं चौथं कारण तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि बोलणं बंद केलं.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. नऊ वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरू लागला, तेव्हा ताई कॉलेज सोडून दाभण-दोरा घेऊन बसली. नातेवाइकांनी तिला त्यागमूर्ती ठरवलं, आणि तिनेही कधी नाही म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर चिकटवायच्या खळीच्या वासात आणि कागदाच्या सळसळीत तिचा जीव असा काही रमला होता की सुटीच्या दिवशी तिला करमत नसे. बाबा मात्र सारखे म्हणत, “धाकट्याचा हात बसू दे, मग दुकान त्याच्यावर सोपवतो.” असं ऐकलं की ताई मान खाली घालून टाके घालत राही, आणि डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू देत नसे.

जेवण आटोपतंय तोच शाळेतल्या एक शिक्षिकाबाई आपला जाडजूड शब्दकोश घेऊन दुकानात आल्या. तो धाकट्याने बांधला होता. “काम मजबूत आहे हो,” बाई म्हणाल्या, “फक्त उघडला की सगळे शब्द शीर्षासन करतात.” त्याने पुठ्ठा उलटा बसवला होता. संध्याकाळपर्यंत नीट करून ठेवते, असं सांगून ताईने बाईंना वाटेला लावलं आणि सुरी घेतली.

पुस्तकाच्या पाठीवर आतून रद्दी कागदाची रुंद पट्टी चिकटवायची, ही दुकानाची जुनी पद्धत. ती पट्टी ओली करून सोलताना ताईला धाकट्याचं अक्षर दिसलं. विद्यापीठाच्या अर्जाचा कच्चा कागद होता तो! ‘आपण परदेशी शिक्षण का निवडत आहात?’ या प्रश्नाखाली त्याने लिहिलं होतं :

‘मी इथे राहिलो तर बाबा दुकान मला देतील. मला पुस्तक सरळ बांधता येत नाही. ताईला येतं, आणि ते तिला फार आवडतं. मी लांब गेलो की दुकान आपोआप तिचं होईल. (हे अर्जात चालणार नाही. दुसरं काहीतरी शोधणे.)’

ताईला हुंदका आवरेना. आवाज ऐकून सगळे धावत आले. बाबांनी कागद थरथरत्या हातात धरून दोनदा वाचला आणि ते स्टुलावर बसले.

“अगं, तू सुटावीस म्हणूनच त्याला देणार होतो,” ते म्हणाले. “तुझं शिक्षण माझ्यापायी गेलं, हे मला नऊ वर्षं खातंय.”

“तुमच्यापायी नाही हो बाबा,” ताई डोळे पुसत म्हणाली. “मला परीक्षेची धडकी भरायची. तुमचा हात थरथरला आणि मला निमित्त मिळालं... कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

आईने एकेकाकडे पाहिलं. “म्हणजे या घरात नऊ वर्षं प्रत्येकजण दुसऱ्यासाठी झिजतोय, आणि विचारलं मात्र कुणीच नाही,” ती म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं त्यात ताई आणि बाबाही सापडले. हसता हसता बाबा उठले. “उद्यापासून दुकान तुझं. मी खळ शिजवीन,” ते ताईला म्हणाले.

एकटा धाकटा मात्र न हसता दाराशी उभा होता. ताईचं हसू थांबलं. तिच्यासाठी तो घर सोडायला निघाला होता, आणि आता तर ते कारणच उरलं नव्हतं!

“बाळा,” आठ दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली, “दुकान मला मिळालं. आता तुला जायची गरज नाही. राहा इथेच.”

तो पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरू लागला. मग हळूच म्हणाला, “तरी मला जायचंय, ताई.”

“का?”

“माहीत नाही. पण फार जायचंय.”

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याची आजवरची सगळी कारणं तिने ऐकली होती. खरं वाटलं ते एवढंच. तिने त्याचा कान धरला, सोडला, आणि त्याची बॅग भरायला आत गेली.