उंबऱ्याबाहेरची थैली

कृष्णस्वामींच्या पेल्यातली कापी, म्हणजे कॉफी, अजून अर्धी उरली होती, तेवढ्यात सरोजा जिना चढून आली आणि दारातच रडायला लागली. कापी निवू देणं हे कृष्णस्वामींच्या लेखी पाप. तरी त्यांनी पेला खाली ठेवला.

मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कनकलताबाईंनी नोकरी सोडून तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बोळात खाजगी तपासाची पाटी लावली, तेव्हा सारा बोळ हसला होता. दोन वर्षांत हसणारेच जिना चढून येऊ लागले. पोस्टमास्तरकीतून निवृत्त झालेले कृष्णस्वामी बायकोचे मदतनीस झाले होते. डोकं तिचं, छत्री त्यांची, अशी वाटणी होती.

"बाई, अप्पा सीतारामकाकांना घराबाहेर काढताहेत. आजच! चोर म्हणून!"

"रडणं मागून, सरोजा. काय चोरीला गेलं ते आधी सांग."

"माझ्या गेलेल्या आईचं माणकाचं पदक."

सरोजा बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. नवरीचा दागिना आधी देवीपाशी ठेवायचा आणि मांडवातच बाहेर काढायचा, ही त्यांच्या घरची रीत. काका लष्कराच्या कारखान्यात चामड्याचं काम शिकून आलेले. आता हौस म्हणून पट्टे, पिशव्या, चष्म्याची घरं करत. पुतणीच्या पदकासाठी त्यांनी थैली केली होती, तीही आजोबांच्या मृगाजिनाची. देवघरात चालतं ते तेवढंच कातडं. पदक आत घालून काकांनी थैली चारी बाजूंनी हातानं शिवून टाकली होती.

"मी अन् अप्पा शालू घ्यायला कुंभकोणमला गेलो होतो. काल आलो. आज मामा पूजेला गेले, तर थैली देव्हाऱ्यात नाही, देवघराच्या उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात. उसवली, तर आत रस्त्यावरचा खडा! काकाच म्हणाले, हे मृगाजिन नव्हे, माझ्या खोलीतलं वासराचं कातडं आहे. वर शिवण यंत्राची. अप्पांना आणखी काय हवं?"

"तुम्ही नसताना घरात कोण होतं?"

"काका, मामा आणि आत्तेभाऊ कल्याणराम."

कनकलताबाईंनी भिंग पिशवीत टाकलं. "अहो, छत्री घ्या."

सरोजाच्या घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, चामडं शिवायचं एक काळं अवजड यंत्र उघड्यावर आणून टाकलं होतं. शेजारी रापी, आरी, मेणाचा गोळा, हातोडी. त्या पसाऱ्यात साठीचे सीतारामराव मान खाली घालून बसले होते. जाणारे येणारे थांबून बघत होते. कृष्णस्वामींना त्या माणसाची फार दया आली.

दारात सरोजाचे वडील राममूर्ती उभे होते. "बाई, उगाच श्रम घेतलेत. असं यंत्र घरात एकालाच चालवता येतं. सख्खा भाऊ आहे, म्हणून पोलिसात देत नाही, एवढंच."

"जेवणवेळेपर्यंत थांबा, राममूर्ती. मग खुशाल काढा," बाई म्हणाल्या आणि सीतारामरावांशेजारी बसल्या. "यंत्राची सुई दाखवता?"

ते चकित झाले. आपल्या कामाबद्दल त्या घरात कुणी विचारत नसे. "ही बघा. टोकाला बारीक पातं आहे. चामडं कापत जाते, म्हणून चीर पडते. कापडाची सुई नुसती टोचते. आणि चामड्याला एकदा पडलेलं भोक बुजत नाही, अम्मा."

"देवीची थैली मग यंत्रावर का नाही शिवलीत?"

"पोरीच्या लग्नाची वस्तू! एक दोरा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी ओढून शिवली. मृगाजिनाचा तुकडा उरलाय अजून." त्यांनी पेटीतून तो काढून दाखवला. आणखी एक थैली सहज झाली असती.

बाईंनी खडा निघालेली थैली उन्हात धरली आणि भिंग नवऱ्याच्या हाती दिलं. "काय दिसतं?"

"भोकं."

"कशी?"

"भोकांसारखी. गोल."

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

कल्याणराम विमा कचेरीत कारकून. कमरेला रुंद पट्टा, मनगटावर चामडी पट्ट्याचं घड्याळ. "मला काय विचारता? मी देवघरात फिरकतो तो सरोजाच्या मामांना चिडवायला. परवा असाच पट्ट्यासकट आत गेलो, तर मामांनी सगळं देवघर धुऊन काढलं!"

"शिवणकाम येतं?"

"त्याला?" सरोजाला त्याही स्थितीत हसू आलं. "त्याची बटणं मीच लावते. हो, माझ्या कापडाच्या यंत्राची सुई कुणी बोथट केली कोण जाणे. जाताना नवी घातली होती, आज बघते तर कापड ओढतेय."

मामा, म्हणजे सरोजाच्या आईचे भाऊ सूर्यनारायण, देवघराच्या दारात सोवळ्यानं बसले होते. सोवळं इतकं कडक, की कृष्णस्वामींची सावली जवळ आली तशी त्यांनी पाय आखडून घेतले.

"घरात चामडं आलं, त्याच दिवशी लक्ष्मी जायला निघाली," ते म्हणाले. "मी मेव्हण्यांना किती वेळा सांगितलं! सगळ्यांसमोर सांगितलं!"

बाई उंबऱ्याबाहेरूनच आत बघत होत्या. "देवीचा घागरा सुरेख आहे हो. हिरवा रेशमी. नवा दिसतो."

मामांचा चेहरा खुलला. "कालच नेसवला. देवांची वस्त्रं मी दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही. सरोजाचं यंत्र पाण्यानं पुसून घेतो आणि स्वतः शिवतो."

"चुण्या काय बारीक घातल्यात! डावीकडे मात्र घागरा जरा लोंबतोय."

"रेशीम आहे. बसेल," मामा चटकन म्हणाले.

जरा वेळानं बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. तिण्णैपाशी जमलेले शेजारीही आत घुसले. बाईंनी त्यांना हटकलं नाही. अब्रू चारचौघांत गेली होती, ती चारचौघांतच परत यायला हवी होती.

"राममूर्ती, तुम्ही शिवण यंत्राची पाहिलीत. भोकं पाहिली नाहीत. सीतारामरावांच्या सुईनं चीर पडते. या थैलीची भोकं गोल आहेत. ती कापडाच्या यंत्रावर शिवलीय आणि त्यातच सरोजाची नवी सुई बोथट झाली."

"पण ते यंत्र सीतारामही चालवू शकतो," राममूर्ती म्हणाले.

"शकतात. पण पेटीत मृगाजिन, हातात कसब, असा माणूस हुबेहूब तशीच थैली करील की वासराचं कातडं घेऊन आपलंच नाव पुढे करील? वर ते कातडं त्यांनी स्वतः ओळखून दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात तुम्ही!"

"मग हा कल्याणराम?"

"त्याला बटण लावता येत नाही. आणि आता मुख्य गोष्ट. खोटी थैली देव्हाऱ्यात ठेवली असती, तर लग्नापर्यंत कुणाला कळलंही नसतं. चोरानं देव्हाऱ्यातून खरी उचलली आणि खोटी मात्र बाहेर कोनाड्यात ठेवली. का?"

"घाई झाली असेल," कृष्णस्वामी म्हणाले.

"अहो, दोन हातांवर देव्हारा! घाई कसली? कल्याणराम असता तर बेधडक देवीच्या पायाशी ठेवून मोकळा झाला असता. हा चोर खोटी थैली करू शकला, भाचीचं पदक लपवू शकला, काकांवर आळ घेऊ शकला. फक्त वासराचं कातडं देवीशेजारी ठेवायला त्याचा हात धजला नाही. स्वतः बाटला तर अंघोळ करता येते. देवी बाटली तर काय करायचं?"

सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच माणसाकडे वळल्या.

"मी चोर नाही!" सूर्यनारायण ओरडले.

"नाही, मामा. चोर माल घराबाहेर नेतो. तुम्हाला पदक नको होतं, चामडं घराबाहेर काढायचं होतं. मी देवघरात पाऊल टाकणार नाही. तुम्हीच जा आणि घागऱ्याची डावी बाजू उसवा. रेशीम एवढं जड नसतं."

मामा जागचे हलले नाहीत. शेवटी सरोजा उठली, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर मृगाजिनाचा कापलेला तुकडा होता आणि त्यात माणकाचं पदक लखलखत होतं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" कृष्णस्वामी न राहवून ओरडले. शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. कल्याणरामनं शीळ घातली.

"देवीचं लेणं देवीच्याच अंगावर होतं," मामा पुटपुटले. "त्या चामड्यापायी जीव विटला होता माझा."

"चामड्यापायी एका माणसाला रस्त्यावर बसवलंत, मामा," सरोजा म्हणाली. तिनं पदक काकांच्या ओंजळीत ठेवलं आणि त्यांच्या पाया पडली. "नवी थैली करा, काका. मांडवात तुमच्याच हातून घेईन."

सीतारामराव बोटानं पदकाचं माप घेऊ लागले. आपल्या बायकोचा एवढा अभिमान कृष्णस्वामींना लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

इतका वेळ खांबाला टेकून उभे असलेले राममूर्ती बाहेर गेले. परत आले ते आपल्या दोन्ही वहाणा हातात घेऊन. त्या घरात वहाणा कधी उंबरा ओलांडून आत आल्या नव्हत्या. ते भर अंगणातून, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, थेट भावासमोर येऊन उभे राहिले.

"सीताराम," ते म्हणाले, "या वहाणेचा अंगठा तुटलाय. लग्नात सरोजाच्या सासऱ्यांना सामोरं जायचंय मला. शिवून देशील?"