जिचं नाव घेत नाही, ती घळ

एल्दियार पहिल्यांदा भेटला, तो माझ्या बर्फावर उभा राहूनच.

हवामान ठाण्यामागे कुंपण घातलेला एक तुकडा आहे. तिथे पांढरी फळी ठेवलेली असते. रात्रभरात तिच्यावर जेवढा बर्फ साचेल, तो मी सकाळी पट्टीने मोजते. त्या दिवशी पट्टी घेऊन बाहेर आले, तर एक उंच तरुण स्कीसकट फळीच्या बरोबर मधोमध! पापण्यांवर बर्फाचा भुगा, आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू मीच त्याच्या अंगणात घुसले होते.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. "आजचा बर्फ तुडवलात तुम्ही."

"डोंगरभर पडलाय की! एवढासा तुडवला तर काय बिघडलं?"

"मोजायचा एवढाच होता."

तो खाली वाकला, स्की काढली, खड्ड्यात पाय घालून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "गुडघ्याच्या जरा खाली. लिहून घ्या. माझा गुडघा खोटं बोलत नाही."

राग तर आला होता... पण हसूच आधी फुटलं.

एल्दियार आमच्याच खोऱ्यातला, पण दोन हिवाळे बाहेर राहून आलेला. परदेशी पाहुण्यांना स्कीवरून वरच्या युर्तांपर्यंत, म्हणजे लोकरी तंबूंपर्यंत न्यायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हे त्याचं काम. माझं काम त्याहून सोपं. रोज सकाळी वॉकीटॉकीवर हवामान सांगायचं. थंडी किती, वारा कुठून, नवा बर्फ किती, मग एकेक उतार नावानिशी. कुठे जावं, कुठे जाऊ नये. ऐकणारे मात्र सगळं खोरं. वाटाडे, वरच्या युर्तात स्वयंपाक करणारी, सगळ्यांची थोरली ताई असलेली बुरुल एजे, शिवाय गोठ्यांवरचे मेंढपाळ, ज्यांना हिवाळ्यात ऐकायला दुसरं काही नसतं.

"आक-जार, ठीक. भूर्जांचा उतार, सावध. तोकोबायची घळ, बंद."

"आजही बंद?" एल्दियारचा आवाज यायचाच.

"वारा पश्चिमेचा आहे."

"वाऱ्याचं कळलं. ठाण्याचा मूड कसा आहे?"

"ठाण्यावर ढग आहेत. कुणी कणकेचे गरम बोर्सोक आणले, तर उघडतील."

"तळायचे मी, आणि मिरवायचे यांनी!" मध्येच बुरुल एजे कडाडायची, आणि खोरंभर हसण्याची खरखर पसरायची.

बोर्सोक यायचे. कधी साय, कधी नुसताच तो. शेगडीपाशी हातमोजे वाळत घालायचा आणि निघताना एखादा हमखास विसरायचा. हातमोजा विसरलेला माणूस परत येतोच, हे मला ठाऊक होतं. मी तो शेगडीजवळच ठेवायचे, गरम राहावा म्हणून.

हिवाळा सरत आला तेव्हा एक दिवस तो आला, तो फारसं न बोलता. दूध घातलेला चहा दिला. पेल्यात बघत म्हणाला, "मॉस्कोहून मामाचा फोन होता. काम मिळतंय. ही पाहुण्यांची शेवटची तुकडी खाली आणली, की त्याच दिवशी काराकोल शहराची गाडी."

"अच्छा," मी म्हणाले.

"पेरिझात... इथे थांबायला काही कारण आहे का?"

सगळ्या खोऱ्याला कुठे थांबावं, कुठून जावं हे सांगणारी मी! आणि तोंडातून काय निघालं? "मार्चमध्ये वारा वाढतो."

त्याने चहा संपवला. उठला. त्या दिवशी काहीच विसरला नाही. तो गेल्यावर मी शेगडीसमोर बसून पोटभर रडले. इतकी मूर्ख मुलगी हवामान खात्याने नेमलीच कशी, कोण जाणे.

तुकडी उतरायच्या आदल्या रात्री वारा पिसाटला. सकाळी बाहेर पडले तर वाऱ्याने पश्चिमेकडचा सगळा बर्फ उचलून पूर्वेकडच्या माथ्यांवर रचलेला. गावाकडे यायची सगळ्यांत जवळची वाट त्या माथ्यांखालच्या तोकोबायच्या घळीतून. तिथून घटकाभरात खाली. डोंगराच्या लांब दांड्यावरून यायचं तर दिवस मोडतो. आणि एल्दियारला गाडी गाठायची होती.

मी वॉकीटॉकी उचलला. "आक-जार, सावध. भूर्जांचा उतार, बंद. आणि..."

आणि जीभ टाळूला चिकटली.

तोकोबाय म्हणजे एल्दियारचे आजोबा. भर वादळात घोड्यांचा कळप त्यांनी त्या घळीतून खाली आणला, तेव्हापासून तिला त्यांचं नाव. ते नाव हिवाळाभर मी बिनदिक्कत घेतलं होतं. पण आमच्यात सून सासरच्या थोरांचं नाव तोंडात आणत नाही. माझी वहिनी आणत नाही, आई आणत नाही. मी तर कुणाचीच सून नव्हते... मग माझ्या जिभेला हे सांगितलं कोणी?

"पोरी, आवाज गेला का गं?" बुरुल एजे.

"नाही, एजे. ती... पूर्वेची. थोरल्यांची घळ."

"कुठल्या थोरल्यांची?" गोठ्यावरून म्हातारे कादिरबाबा गुरगुरले. "नाव का घेत नाही ही?"

 मग बुरुल एजेचा हळू, हसू दाबलेला आवाज, "तुमच्या घरात चार सुना आहेत ना, बाबा? मग तुम्हीच ओळखा."

माझे कान तापले. तेवढ्यात एल्दियार बोलला. आवाज नेहमीचा नव्हता, जरा घोगरा. "ठाणं, माझ्याबरोबर पाहुणे आहेत. स्पष्ट सांगा. कुठली घळ?"

आता मात्र लाजून भागणार नव्हतं. "जिचं नाव मी यापुढे घेणार नाही, ती," मी म्हणाले. "आज पूर्ण बंद. माथ्यावर वाऱ्याने बर्फ रचलाय, माणसाचं वजन पडलं तरी सुटेल. दांड्यावरून उतर."

"दांड्याने उशीर होईल, पेरिझात. गाडी चुकेल."

"चुकू दे."

 सगळं खोरं कान लावून बसलं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"ठीक," तो म्हणाला. "दांड्याने येतो."

दुपारी खिडकीची तावदानं थरथरली. पूर्वेकडे पांढरा धुरळा उठला. घळीवरचा बर्फ सुटला होता.

"एल्दियार?" नुसती खरखर. "एल्दियार! एल्दियार, बोल ना रे!"

"...ऐकतोय. सगळे दांड्यावर आहोत, खडकाआड होतो. सगळे धडधाकट." मग हळूच, "परत एकदा हाक मार की."

"पुरे. नीट बघून उतर," मी म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले.

तो ठाण्यावर पोचला तेव्हा ऊन शिखरांवर उरलं होतं. पण त्याच्या आधी त्याची आई पोचली होती. डोक्याला पांढरा रुमाल, हातात कापडाची लहानशी पुरचुंडी. एल्दियार दारात बघतच राहिला.

"बघतोस काय? सकाळपासून सगळं खोरं अभिनंदन करतंय," आई म्हणाली. "तू विचारायची वाट बघत बसले असते, तर सुनेसाठी जपलेले हे कानातले माझ्याबरोबर मातीत गेले असते." तिने चांदीचे कानातले स्वतःच्या हाताने माझ्या कानांत घातले. तिची बोटं गार होती. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "सगळं छान झालं गं. पण उद्या सकाळी काय करणार? डोंगरात माणसं असतात. घळीचं नाव तर स्पष्ट सांगायलाच हवं."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी गोंधळून एल्दियारकडे पाहिलं.

त्याने स्की भिंतीला टेकवल्या, ओले हातमोजे काढले आणि माझ्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची ओढली.

"तेवढं नाव मी घेईन," तो म्हणाला. "रोज."