एकशे सत्त्याऐंशी नंबरचं कार्ड

अनवरीबी आल्या त्या खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, माझी सून उद्या दुधनीला माहेरी निघालीय. परत येणार न्हाय म्हणते. तुमी चोर शोधा."

"चोरी कशाची?" सावित्रम्मांनी विचारलं.

"एका कार्डाची."

चनबसप्पाने चहाचा कप खाली ठेवला. सोलापुरातल्या सात रस्ता चौकात झेरॉक्सच्या दुकानावर सावित्रम्मांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. निवृत्तीनंतर तो इथे दोन कामं मनापासून करी: त्यांची स्कूटर चालवणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं. पण एका कार्डापायी सून घर सोडते, हे त्याच्याही पचनी पडेना.

अनवरीबींचे यजमान राजेसाब हे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. गेली आठ वर्षं त्यांना एकाच शब्दाचं वेड होतं: सेट. चादरींचा सेट, दही सेट झालं, केस सेट केले, पोरगा पुण्यात सेट झाला. इवलासा शब्द, पण सोलापूरकरांनी त्याला कुठं कुठं राबवला होता! कुणाच्या तोंडून तो निघाला की मास्तर तिथल्या तिथे कार्ड काढत, त्यावर वाक्य, तारीख, ठिकाण लिहीत आणि बोलणाऱ्याची सही घेत. अशी चारशे बारा कार्डं झाली होती. या आठवड्यात ती पुण्याला शब्दकोशवाल्यांकडे जायची होती. रविवारी मास्तरांनी पेटी उघडली, तर एकशे सत्त्याऐंशी नंबरच्या जागी कोरं कार्ड!

"सगळ्यांसमोर समराला म्हणाले, तुझ्याशिवाय त्या खोलीत कोण जातं?" अनवरीबींचे डोळे भरून आले. "गेल्या साली तिच्या हातनं दोन कार्डं रद्दीत गेलती, तेच धरून बसलेत. कालपासनं पोरीनं घास घेतला न्हाय."

अर्ध्या तासात दोघं मास्तरांच्या घरी होते.

"त्या कार्डावर काय होतं?" सावित्रम्मांनी विचारलं.

"पाठ असतं तर लिहून कशाला ठेवलं असतं?" मास्तर तडकले.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेली ती कार्डं चारी बाजूंनी सारखी होती. गठ्ठा कसा नीटस, एक कड बाहेर नाही. सावित्रम्मांनी चनबसप्पाला एकेक वाचायला बसवलं. वाचताना मधूनच एखाद्या कार्डावरची अक्षरं आडवी येत आणि बिचाऱ्याला मान वाकडी करावी लागे. मास्तरांचं वय झालं, असं मनाशी म्हणत तो एक कार्ड सरळ करायला गेला.

"राहू द्या तसंच," सावित्रम्मा म्हणाल्या.

एकशे शहाऐंशीवर मास्तरांचे दोस्त रावजी यांची सही होती, एकशे अठ्ठ्याऐंशीवर दुसऱ्या दोस्ताची, कोंडीबाची. तारीख एकच. ठिकाण, कोंडीबाचं घर.

"गेल्या आठवड्यात पेटीपाशी एकटं कोण बसलं होतं?"

"गुरुवारी मी नमाजला गेलो तेव्हा रावजी. शुक्रवारी जुम्म्याला गेलो तेव्हा कोंडीबा. पण ते माझे चाळीस वर्षांचे दोस्त आहेत, बाई!"

समरा स्वयंपाकघरात भरलेल्या पिशवीशेजारी बसली होती. "मी पेटी वरनं पुसते, आत बघत न्हाय. ती दोन कार्डं गेली ते मीच अब्बांना सांगितलं होतं की," ती एवढंच म्हणाली.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले रावजी कार्डावरची तारीख ऐकून गडगडाटी हसले. "त्या दिवशी? माझी कवळी नवी होती, दातांचा सेट! लई चेष्टा झाली. कोंडीबाकडं जेवलो आन् पोट धरून हसलो."

कोंडीबा टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायच्या खात्यात सापडला. बोलताना त्याचे हात थांबत नव्हते. नऊ टॉवेल उभे, दहावा आडवा, पुन्हा नऊ उभे.

"घरी कोण असतं?" सावित्रम्मांनी विचारलं.

"आता कोन न्हाय. बायको, सोजरबाई, जाऊन दोन वर्सं झाली." त्याचे हात थांबले. मग गठ्ठा मोडून त्याने पहिल्यापासून मोजायला घेतलं.

"अक्का, रावजीच," बाहेर आल्यावर चनबसप्पा म्हणाला. "फार हसतो."

संध्याकाळी सगळे मास्तरांच्या खोलीत जमले. समरा दारात उभी होती.

"चोराने कोरं कार्ड का घातलं?" सावित्रम्मांनी सुरुवात केली. "चारशे बाराचा आकडा भरावा म्हणून. मग खात्रीसाठी त्याने गठ्ठा मोजला. ज्या कार्डांनी चनबसप्पांची मान दुखवली ती मी पाहत होते. दहावं, विसावं, तिसावं, थेट शेवटापर्यंत. टॉवेल मोजणारा दर दहावा खुणेला आडवा ठेवतो. टॉवेल लांबट, आडवा ठेवला की दिसतो. ही कार्डं चौरस, आडवी ठेवली तरी गठ्ठ्यात कळत नाहीत. हातांनी सवयीनं काम केलं आणि सरळ करायचं राहून गेलं. वर्कशॉपातला माणूस असं मोजत नाही, समराही नाही."

कोंडीबाची मान खाली गेली.

"त्या दिवशी रावजी बोलले, तुम्ही बोललात. मधलं कार्ड कुणाचं? तिघं जेवायला बसले होते, म्हणजे वाढणारं कुणीतरी होतंच."

कोंडीबाने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. मास्तरांनी वाचलं, "ताटं सेट केलीत, हसायचं ऱ्हाऊ द्या, जेवून घ्या." खाली सहीच्या जागी निळा अंगठा होता.

"तिला सही कुटं येत हुती?" कोंडीबाचा आवाज फुटला. "फोटो हाय घरी, पन ह्यो तिनं सोताच्या हातानं दाबलाय. पेटी पुण्याला गेल्यावर मी कुटं बघू? मागायची लाज वाटली, मास्तर. पोरीवर आळ आला ते आत्ता हितं कळलं, देवाशपथ!" त्याने समरापुढे हात जोडले.

मास्तरांनी वाक्य कोऱ्या कार्डावर उतरवून घेतलं, जुनं त्याच्या हातात परत ठेवलं आणि दाराकडे वळले.

"बेटा, चुकलं माझं."

"अब्बा, चाचांनी न इचारता कार्ड घेतलं. तुमी न इचारता मला चोर केलं," समरा म्हणाली. "आठ वर्सं साऱ्या गावाला बोलतं करताय. मला एक सवाल तरी तुमी करायचा होता."

चनबसप्पाला मास्तरांकडे बघवेना.

"उद्या मी जाणार. आठ दिवस आईकडं ऱ्हाणार."

चारशे बारा वाक्यं टिपणाऱ्या मास्तरांना एक वाक्य जुळवायला बराच वेळ लागला.

"आठव्या दिवशी न्यायला मी आलो तर चालेल?"

समराने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"या," ती म्हणाली.