आधी झालेली भैरवी

या, असे जवळ सरकून बसा. टाळ-पखवाजाची आवड असेल तर आणखी जवळ या, कारण ही गोष्ट आपल्यातल्याच माणसांची आहे. कीर्तनाला गेलो की मी रडून येतो, हसून येतो. घाबरून कधी आलो नव्हतो. ही हकिगत ऐकून मात्र घाबरूनच घरी आलो. ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून, संत तुकाराम नगरातल्या त्याच्या घरी बसून ऐकली. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. विठ्ठल साक्षी आहे.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. चिंचवडचं एक नाट्यगृह. वेळ दुपारची.

हो, दुपारचीच. मध्यरात्रीची वाट बघू नका. जे झालं ते लख्ख दिव्यांत झालं आणि कॅमेऱ्यांसमोर झालं.

यशोदाबाईंची शेवटची मैफल एक चॅनेल चित्रित करणार होतं. बाई मावळच्या. त्यांच्या अभंगांवर उभ्या महाराष्ट्राच्या पहाटा उजाडल्या. आता वय झालं, यापुढे गाणार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पखवाजावर होता ज्योतीराम. मूळचा लातूरकडचा, महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर कामाला. आठवडाभर पत्रा दाबायचा आणि सुट्टी मिळाली की बाईंच्या साथीला बसायचं. त्याचे हात बाईंनीच घडवलेले.

बाईंचा एक नेम होता. साथीदाराने ठेका धरला की गाणाऱ्याने तोंड उघडायचंच. ठेका चालू आहे तोवर गाणं सोडायचं नाही. "रिकामा ठेका म्हंजी वाढल्यालं ताट आन् उठल्यालं मानूस," असं त्या म्हणायच्या.

त्या दुपारी चॅनेलचा प्रज्वल धावत स्टेजवर आला. हात जोडलेले, कानात वायर.

"बाई, आधी भैरवी घेऊन टाकू या का? पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला पळायचंय. शेवटी टाळ्या वाजवताना त्यांचा शॉट हवाय. एडिटमध्ये आम्ही बरोबर शेवटी जोडतो."

"आरं लेका, तेरावं आधी आन् बारसं मागनं करतुस व्हय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

"भैरवी झाली की मैफल उठली. त्याच्या मागनं त्या जाग्याव बसून जे गातंय, ते मानूस न्हाई."

प्रज्वल ज्योतीरामकडे वळला. "भाऊ, तुमचं ऐकतील. सांगा ना जरा."

ज्योतीरामने कंपनीभर बोंब मारली होती की आपण टीव्हीवर दिसणार. शूटिंगच रद्द झालं तर? त्याने पखवाज मांडीशी ओढला आणि...

ठेका धरला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच.

मग तोंड उघडलं.

भैरवी झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते गेले. चहा झाला. मग, मैफल उठून गेलेल्या त्या स्टेजवर, मैफल सुरू झाली.

दुसऱ्या की तिसऱ्या अभंगाला रंग चढला. ज्योतीरामचे डोळे मिटले. तुम्हाला ठाऊक आहे, हात रंगला की पखवाजी डोळे मिटतो. बाईंचा आवाज असा चढला, असा चढला, की तसा तो कधीच चढला नव्हता. तानपुऱ्यावरच्या विजयश्रीने किंकाळी फोडली. ज्योतीरामला वाटलं, पोरीला भरून आलं. लोक ओरडायला लागले. त्याला वाटलं, दाद देतायत.

त्याने लय वाढवली.

कोणीतरी त्याचं मनगट धरलं तेव्हा त्याने डोळे उघडले.

बाई त्याच्याकडेच वळून बसल्या होत्या. नाकातोंडातून रक्ताची धार लागली होती. पांढरं लुगडं छातीपासून मांडीपर्यंत लाल. एक हात पुढे केलेला... थांब, थांब म्हणत. दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा दाबून धरलेला. इतका घट्ट, की नखं आत रुतली होती.

आणि तरी त्या गात होत्या.

ठेका थांबला. त्याच क्षणी बाई पुढे कलंडल्या.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. वय झालं होतं.

चॅनेलने रक्त कापलं आणि मैफलीचे तीन भाग केले. ओळीने तीन रविवारी, संध्याकाळी सातला. शेवटच्या भागात भैरवी.

पहिल्या रविवारी ज्योतीराम घरी जेवायला बसला होता. बायको रुपाली वाढत होती. चार वर्षांची सायली टीव्हीला नाक लावून उभी. बाई पडद्यावर आल्या, ज्योतीरामने डोळे पुसले. आणि त्याची बोटं ताटाच्या काठावर पडायला लागली.

"अहो, ताट आहे ते," रुपाली म्हणाली. "पखवाज तिकडे खुंटीला आहे."

तो हसला. हात उचलायला गेला...

हात उचलेनात.

आमटी उडाली. वाटी उलटी झाली. ताट ठणाठणा वाजायला लागलं, मग वाकलं. त्याच्या तर्जनीचं नख मुळापासून उलटलं, तरी बोट पडतच होतं. रुपालीने दोन्ही मनगटं धरली, तशी ती स्वतःच हिसक्याने भिंतीवर जाऊन आदळली. सायली रडायला लागली.

भाग संपला. जाहिरात लागली.

हात मेलेल्या कबुतरांसारखे मांडीत पडले.

दुसऱ्या रविवारी त्याने मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेतला. शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, टीव्ही नाही, मोबाइल गेटवर जमा. तिथे बाई कुठून येणार?

शेजारी प्रीतम होता. तिथल्याच गावचा, लग्न ठरलेला पोरगा.

"काय भाऊ, रविवारी पण? वहिनींनी हाकललं जणू."

"तुला हाकलायला अजून कोणी आली नाही, म्हणून बोलतोस."

"येतीय ना मार्गशीर्षात. पखवाज तुम्हीच वाजवायचा वरातीत."

"वरातीत पखवाज? वेडा का तू?"

त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांची. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. कामगाराचा हात आत राहू नये म्हणूनच ती सोय. एक तुकडा साच्यात अडकला होता. मशीन बंद करून काढायचा नियम, पण घाईच्या वेळी नियम कोण पाळतो? प्रीतमने आत हात घातला.

"भाऊ, हात लांब ठेवा हां."

ज्योतीरामने दोन्ही हात वर धरले. अगदी खांद्याच्या वर.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले.

कुठे आवाज नाही. गाणं नाही. फक्त मशीनची घरघर.

...आणि त्याचे हात खाली आले.

"प्रीतम, हात काढ! काढ हात!"

डावा पडला. उजवा पडला. बोटं बटणांवर नाचायला लागली. एकेक बटण दाबलं जात होतं, म्हणून ठोकळा वरच थांबला होता. प्रीतमला ती थट्टा वाटली. तो हसला.

पण पखवाज ऐकणाऱ्याला सांगायला नको. समेवर, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला, दोन्ही हात एकदम पडतात.

सम आली.

ठोकळा खाली आला.

प्रीतम ओरडला नाही. नुसता बघत राहिला. ठोकळा वर गेला तेव्हा साच्यात जे होतं त्याला बोटं म्हणता आलं नसतं. प्रीतमला कोणी मागे ओढेपर्यंत पुढची सम आली. ठोकळा पुन्हा पडला, या वेळी मनगटावर. रक्त ज्योतीरामच्या तोंडावर उडालं, डोळ्यांत गेलं. त्याला हात उचलून पुसताही येईना. तो धाय मोकलून रडत होता आणि वाजवत होता. कोणीतरी मेन स्विच पाडला. मशीन थांबलं. तिघांनी मिळून ज्योतीरामला जमिनीवर दाबून धरलं, तेव्हा त्याचे हात फरशीवर ठेका धरून होते.

चौकशीत लिहिलं गेलं, नजरचूक. ज्योतीरामला घरी बसवलं. प्रीतमचं लग्न मोडलं.

राहिला तिसरा रविवार. भैरवीचा.

"मला बांध," तो रुपालीला म्हणाला. "आणि पोरगी घरात नको."

रुपालीने टीव्ही गच्चीवर नेऊन ठेवला. सायलीला समोरच्या दुर्गाबाईंकडे सोडलं. दुर्गाबाईंनी विचारलं, "कुठं बाहेर चाललात का गं?" ती नुसती हो म्हणाली. मग नवऱ्याला लोखंडी कॉटवर निजवून त्याची मनगटं नऊवारीच्या पट्ट्यांनी कॉटला आवळली. गाठीवर गाठ.

पण टीव्ही काय आपल्याच घरी असतो? बाईंची शेवटची भैरवी. खालच्या घरी लागली. वरच्या घरी लागली. डावीकडच्या भिंतीतून आली, उजवीकडच्या भिंतीतून आली. सगळी कॉलनी बाईंचा आवाज झाली.

कॉट थरथरायला लागली.

त्याचे हात गाठींमध्ये उडत होते. कातडं सोलून निघालं. तो ओठ चावून पडून राहिला. थोडंच आहे, त्याने मनाशी म्हटलं. भैरवी केवढी असते? संपेल.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. नुसतं लोटलेलं होतं.

"पप्पा! पप्पा, तुम्ही टीव्हीत आलात!"

सायली. आनंदाने नाचत. दुर्गाबाईंच्या टीव्हीत बाप दिसला म्हणून सांगायला धावत आलेली. रुपाली स्वयंपाकघरातून पळत येईपर्यंत पोर कॉटवर चढून त्याच्या पोटावर बसलीही होती.

एक गाठ सुटली...

मग दुसरी.

हात तिच्या पाठीवर पडले. आधी हलके, झोपवताना थोपटतात तसे. सायली खिदळली. मग जरा जोरात. मग आणखी जोरात. तिचं हसू तोंडातच राहिलं. पुढच्या समेला तिचा श्वास अडकला, ते ज्योतीरामला तिच्या पाठीतून स्वतःच्या तळव्यांना कळलं.

तो कुशीवर वळून खाली कोसळला. पोर एकीकडे, तो एकीकडे. हात फरशीवर वाजत होते. वाजत वाजत पोरीकडेच सरकत होते, त्याला मागे ओढत. दंडांनी, गुडघ्यांनी त्याने अंग दाराशी खेचलं. बिजागरीच्या बाजूला, लोखंडी चौकट आणि दार यांच्या फटीत दोन्ही पंजे घातले.

"रुपाली, दार!"

तिला कळलं. पण ती मान हलवत मागे सरली.

"दार लाव! अगं माझे आई, लाव!"

तिने दार लावलं.

हाडं मोडल्याचा आवाज सुक्या कडब्यासारखा आला. दार उघडलं. फटीत बोटं अजून हलत होती.

"परत!"

तिने परत लावलं. अंगाचा सगळा भार घालून. रडत, देवाचं नाव घेत, परत. आणि परत. रक्त उंबऱ्यावरून जिन्यात गेलं.

हात थांबले.

भिंतींमधून अजून बाईंचा आवाज येत होता. पण पखवाज नव्हता.

दुर्गाबाई आजही शपथेवर सांगतात. त्यांच्या टीव्हीत पखवाज मध्येच बंद पडला. बाई गायच्या थांबल्या. साथीदाराच्या जागेकडे त्यांनी मान वळवली आणि... बराच वेळ तिथे बघत राहिल्या. चॅनेलवाले म्हणतात, असलं काही आमच्या टेपमध्ये नाही. भैरवी व्यवस्थित पुरी झाली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सायली वाचली. बरगडीला चीर होती, ती भरली. ज्योतीरामचे पंजे जुळले, पण मुठी वळत नाहीत. पेला दोन मनगटांत धरून पाणी पितो. तक्रार नाही. पोरगी वाचली ना, म्हणतो. रुपाली डबे करते. कंपन्यांतल्या पोरांना भाकरी लागते, तिच्या हाताला चव आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं.

मागच्या महिन्यात चॅनेलवर जाहिरात आली. बाईंच्या वर्षश्राद्धाला ती मैफल पुन्हा दाखवणार. या वेळी सलग.

त्याच संध्याकाळी रुपाली ओट्याशी भाकरी थापत होती. ज्योतीराम पलीकडच्या खोलीत बसला होता. थापण्याचा आवाज तो वर्षभर ऐकत आलाय. त्या दिवशी त्याची मान वर झाली.

तो उठून दारात गेला.

भाकरी कधीच थापून झाली होती. कागदासारखी पातळ होऊन परातीत फाटली होती. रुपालीने जन्मात पखवाजाला बोट लावलेलं नाही. तिचे तळवे त्या परातीवर पडत होते, आणि समेवर दोन्ही एकदम.

"रुपाली..."

तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. घामाचा थेंबसुद्धा नाही.

"काय हो?"

हात चालूच होते.

सायलीला त्याने दुसऱ्याच दिवशी आजोळी पोचवलं. रुपालीला काही सांगितलेलं नाही. दिवसभर तो तिच्या हातांकडे बघत बसतो. दार लावायची वेळ आली तर ते लावायला त्याच्याकडे हात नाहीत.

मी काय करणार? मी आपला कीर्तनाला जाऊन बसणारा माणूस. कीर्तनकार बुवांना विचारलं, त्यांनी नुसतं विठ्ठलाकडे बोट दाखवलं. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. कार्तिकात बाईंची मैफल लागेल, घरोघरी लागेल. त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा ते क्षणभर तसेच जोडून ठेवा...

आणि रुपालीची आठवण ठेवा.