पुठ्ठा धरणारा

"हे काही आईबरोबर बघता येणार नाही..."

अंधारात माझ्या शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी स्वतःशीच पुटपुटलं. आणि तेही मराठीत! झाँसीच्या सिनेमा हॉलमध्ये मराठी कानावर पडणं ही काही छोटी गोष्ट नाही. इथे मराठी आमच्या घरांत असते. दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळा कारभार हिंदीत नाहीतर बुंदेलीत. मी पॉपकॉर्न सावरत वळून बघितलं. पडद्यावर नायक-नायिका गच्चीवर हळूहळू जवळ येत होते आणि हा चष्म्यातला मुलगा अवघड पेपर हातात पडल्यासारखा चेहरा करून बसला होता.

"येईल की बघता," मी म्हटलं. "एवढ्यापुरतं आईला पाणी आणायला पाठवायचं."

तो दचकलाच. "तुम्ही... मराठी?"

"पूर्ण. आणि आप?"

"मीही. पण सीन संपल्यावर आईला परत कसं बोलवायचं?"

"बोलवायचं नसतं. आया बरोबर वेळेवर येतात."

तो हसला. मोठ्यानं नाही, पण खांदे हलेपर्यंत. मागून आवाज आला, "भैया, घर जाके बतिया लेना!" आणि आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे गप्प झालो.

मध्यंतरात कळलं की तो आशय. सोलापूरचा, इथल्या कारखान्यात नवा इंजिनिअर. त्याची आई सुट्टीला येणार होती, म्हणून तिला दाखवायचा सिनेमा तो आधी स्वतः तपासत होता. मागच्या खेपेला पोस्टरवर देऊळ दिसलं म्हणून तिला एका सिनेमाला घेऊन गेला, आणि अर्धा सिनेमा खाली वाकून बुटाची लेस बांधत बसला होता म्हणे.

"आणि तुम्ही एकट्याच?" त्यानं विचारलं.

"मी ड्यूटीवर आहे," मी ऐटीत सांगितलं.

खरंच होतं ते. छावणीजवळ आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. फौजेतली कुटुंबं, कारखान्यातली, आणि आमच्यासारखी इथेच मुरलेली. महिन्यातून एकदा तिथे सगळे मिळून सिनेमा बघतात, शाळकरी पोरांपासून राधाबाई आजींपर्यंत. नको तो सीन आला की काय करायचं, हा मोठाच प्रश्न. एकदा सेक्रेटरी दामोदरकाका लॅपटॉपवर सीन पुढे ढकलायला गेले आणि थेट शेवट लावून बसले. खुनी कोण ते सगळ्यांना आधीच कळलं. तेव्हापासून आमच्याकडे पुठ्ठा आहे. फ्रिजच्या खोक्याचा. एकानं सिनेमा आधी बघायचा आणि पडद्याशेजारच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत प्रेक्षकांकडे तोंड करून बसायचं. संवादांवरून सीन येणार असं कळलं की केस कानामागे घ्यायचे. मागे प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्यानं ती खूण बघून पुठ्ठा आडवा धरायचा. हात खाली आला की पुठ्ठा काढायचा.

पडदा काळा झाला तरी आवाज मात्र चालूच राहायचा, आणि अंधारात तो जरा जास्तच ऐकू यायचा. पण ते जाऊ दे.

खुर्चीत मी बसत होते. पुठ्ठ्याला माणूस हवा होता. आशय तयार झाला.

आता त्याचं काम नीट समजून घ्या, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकला. पुठ्ठा धरणाऱ्याला सिनेमा बघता येत नाही. त्याला पूर्णवेळ खुर्चीतल्या माणसाकडे बघावं लागतं. म्हणजे आशय सगळा सिनेमाभर माझ्याकडे बघायचा. पडद्याचा उजेड कधी निळा, कधी पिवळा त्याच्या चष्म्यावर पडायचा आणि त्यामागचे डोळे थेट माझ्यावर. मी आपली उगीच ओढणी सारखी करायची.

सिनेमा संपला की आमचं भांडण ठरलेलं. मंडळाच्या पायऱ्यांवर चहाचे कप घेऊन.

"तासभर माणसं कापतात, रक्ताचे पाट वाहतात, तिथे पुठ्ठा नाही," मी म्हणायची. "आणि दोन माणसं जराशी जवळ आली की पुठ्ठा? ये क्या बात हुई?"

"मारामारी चालू असताना आईकडे बघता येतं, अनुश्री. जवळ आल्यावर नाही बघता येत."

"म्हणजे प्रॉब्लेम पडद्यावर नाहीच. सोफ्यावर आहे."

"तेच तर म्हणतोय," तो म्हणायचा आणि थांबायचा. "तू फार छान भांडतेस... मतलब, चांगले मुद्दे मांडतेस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. 'मतलब' मात्र माझ्याकडून त्याला लागलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

असं सगळं गोड चाललेलं असताना ऋचा आली.

जवळच्या बबीना छावणीत पोस्टिंगवर असलेल्या मेजर जयसिंगांची धाकटी बहीण. पुण्याची. घरी बसून वेबसिरीजची सबटायटल्स लिहिण्याचं काम करायची. मंडळात आली त्या पहिल्या दिवशीच तिनं दामोदरकाकांना सांगितलं, "काका, मुलांपासून लपवलं की ती मोबाइलवर शोधून बघतात. त्यापेक्षा निवड चांगली करू." काय ते बोलणं! एकही हिंदी शब्द नाही, कुठे अडखळणं नाही. मी बोलताना दर वाक्यात एक पाय झाँसीत आणि एक पाय साताऱ्यात ठेवते, जिथून माझे पणजोबा आले. सगळे तिच्याकडे कौतुकानं बघत होते. सगळे म्हणजे... आशयसुद्धा.

"या वेळी सिनेमा ऋचा निवडेल आणि खुर्चीतही तीच बसेल," काकांनी जाहीर केलं. "अनुश्रीला शाळेतल्या मुलांचे परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत. तू जरा आराम कर बेटा."

"हो काका, बहुत अच्छा," मी हसून म्हटलं. आतून जळून खाक. आशयनं काहीतरी बोलावं म्हणून मी वाट बघितली. तो चष्मा पुसत उभा राहिला.

त्यानंतर त्याचे मेसेज यायला लागले. ऋचा म्हणते, मारामारी आणि क्रूरपणा यात फरक करायला हवा. ऋचा म्हणते, ती नवी सिरीज मोठ्यांची आहे पण वाईट नाही. ऋचा म्हणते, सगळ्या सिरीजमध्ये शिव्या लेखकाला काही सुचलं नाही म्हणून असतात. मी 'मग ऋचाशीच बोल' असं टाइप केलं. पुसलं. अंगठा पाठवला. त्याला अंगठ्यातला रागही कळू नये? मुलं अशी कशी असतात, देव जाणे.

एका संध्याकाळी आईबरोबर बड्या बाजारात गेले होते. दुपट्ट्यांच्या दुकानात उभी होते आणि समोर कुल्फीच्या गाडीपाशी ती दोघं. ऋचा हात हलवून काहीतरी सांगत होती, आणि आशयचे खांदे हलत होते. तेच हसणं. सिनेमा हॉलमधलं. ते माझं होतं, असं मला वाटत होतं.

"तो आशय ना गं?" आईनं विचारलं. "आणि बरोबर ती पुण्याची?"

"मला काय माहीत."

"मग भैयाचा दुपट्टा कशाला पिळतेस? विकत घ्यावा लागेल तो."

घ्यावा लागला. मोरपंखी. मला शोभत नाही तो रंग, पण करणार काय.

सिनेमाच्या दिवशी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण घरी बसून काय काय डोळ्यांसमोर आणत बसले असते, त्यापेक्षा प्रत्यक्ष बघितलेलं बरं. गेले. मे महिना, संध्याकाळ झाली तरी भिंती तापलेल्या, कूलरमधून खसाचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास. मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले, बाजूच्या रांगेत, राधाबाई आजींच्या शेजारी आणि अगदी कूलरच्या तोंडावर. कोपऱ्यातल्या माझ्या खुर्चीत ऋचा. मागे पुठ्ठा घेऊन आशय. आता सगळा सिनेमाभर तो हिच्याकडे बघणार. तिच्या त्या रेशमी केसांकडे! मी ठरवलं की मागे वळून म्हणून बघायचं नाही.

सिनेमा चांगला होता, मान्य करते. आजोबा आणि नातवाची गोष्ट. आजोबांचा शेवट आला तशी सगळी बायकामंडळी पदराला डोळे पुसायला लागली. कूलरच्या झोतानं माझे केस तोंडावर आले. मी ते कानामागे घेतले.

पडदा काळा झाला.

"अरे, लाइट गेली का?"

"नाही, आवाज येतोय!"

"आशय! पुठ्ठा काढ!" दामोदरकाका ओरडले. पुठ्ठा हलला. आजोबा परत दिसले, पण तोवर त्यांचे डोळे मिटलेले होते. "शेवटचं बोलणं तरी धड बघू द्यायचं होतं रे त्यांचं," राधाबाई आजी करवादल्या.

थोड्या वेळानं नातू रेल्वे स्टेशनवर एकटाच बाकावर बसला होता. आसपास बाई नाही, कुणी नाही. मी पुन्हा केस मागे घेतले. पुन्हा अंधार!

छे... असं कसं असेल? नातू चहा पीत होता. नुसता चहा. मी मुद्दाम, अगदी सावकाश, हात वर नेला आणि केस कानामागे घेतले.

काळा पडदा. हॉलमध्ये आरडाओरडा. हात खाली आणला, नातू चहासकट परत आला.

आता मात्र मी वळून बघितलं. प्रोजेक्टरच्या उजेडाच्या कडेला तो उभा होता. चष्मा घामानं घसरलेला, हातात पुठ्ठा, आणि डोळे सरळ माझ्यावर. खुर्चीकडे नाही. माझ्यावर. मला हसू यायला लागलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मग मी हातावर हात दाबून बसले, कारण आता साधी बट सावरायचीही चोरी.

आणि तेवढ्यात खरा सीन आला. नातवाच्या लग्नानंतरचा. ऋचानं केस कानामागे घेतले. परत घेतले. मग दोन्ही हातांनी घेतले. शेवटी तिनं हात हवेत हलवले. पण आशय काही तिकडे बघत नव्हता. सगळ्या मराठी मंडळानं तो सीन पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट उजेडात बघितला. मेजरसाहेब छताचा पंखा बघायला लागले. माझ्या बाबांना एकाएकी खोकला झाला. फक्त राधाबाई आजी म्हणाल्या, "जोडा छान आहे हं."

सिनेमा संपल्यावर दामोदरकाकांनी दिवे लावले. "आशय, काय प्रकार आहे हा? ऋचा खुणा करत होती ना?"

"करत होती, काका."

"मग तू बघत कुठे होतास?"

त्यानं पुठ्ठा भिंतीला टेकवला. पण त्याचे डोळे... अजूनही त्यांना दुसरी जागा सापडत नव्हती. एकेक डोकं वळत गेलं आणि सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी उठले आणि सरळ बाहेर आले.

फाटकापाशी तो धापा टाकत पोचला. छावणीचा रस्ता शांत होता.

"अनुश्री, थांब ना. रागावलीस?"

"मी कोण रागावणारी? कुल्फी खा. पुण्याची माणसं आहेत ना बरोबर."

"कुल्फी?... तू बघितलंस? मग हाक का नाही मारलीस?"

"हाक! तू तिथे हसत होतास. तसं तू माझ्याबरोबर हसतोस. मला जलन होते, आशय. खूप होते. ती छान आहे, हुशार आहे, धड मराठी बोलते. काकांनी मला काढलं तेव्हा तू चुपचाप उभा होतास."

"तूच तर हसून हो म्हणालीस! मला वाटलं, तुलाच कंटाळा आला. माझ्यासमोर बसायचा." त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "ऋचाशी मी सगळं बोलायचो, आणि ते सगळं तुला पाठवायचो. कारण तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं. तू नुसते अंगठे पाठवलेस. मला सिनेमातलं खरं तर काहीच कळत नाही, अनुश्री. मी एकही धड बघितलेला नाही. मी तुला बघायला येतो. मला तू... खूप आवडतेस."

मी त्याचा हात धरला. घामेजलेला होता, माझाही होता.

मागे चपलांचे आवाज आले. हॉल सुटला होता. सगळे फाटकाकडेच येत होते आणि रस्ता एकच. आशयनं हात सोडवायला बघितलं. मी नाही सोडला. ऋचा पुढे होती. तिनं आमच्या हातांकडे बघितलं, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लगेच ओळखलं, कारण ते घेऊन मी महिनाभर फिरत होते. मग ती हसली, "आधी सांगायचं ना रे," म्हणाली आणि भावाच्या गाडीकडे गेली. मला वाईट वाटलं, खरंच. पण हात मी तेव्हाही सोडला नाही.

दामोदरकाका समोर येऊन थबकले. "अगं अनुश्री... हे असं... सगळ्यांच्या समोर?"

"हो काका," मी म्हटलं. "घरच्यांबरोबर बघण्यासारखं आहे."

कुणी हसलं, कुणी खाकरलं. बाबा फाटकाच्या कडीत काही बिघाड आहे का ते तपासायला लागले. आई मात्र सरळ आमच्याकडे बघत उभी राहिली आणि मग पर्समधून पिशवी काढून तिनं माझ्या मोकळ्या हातात दिली.

"येताना दही आण," ती म्हणाली. "जरा जास्त आण. आशय जेवायला आहे."