पाखरांनी पेरलेली रोपं

"थांब तिथंच! खिसे उलटे कर बघू."

देवराईच्या हद्दीचे दगड ओलांडता ओलांडता तो तरुण दचकलाच. समोर एक मुलगी वाट अडवून उभी होती — पाय चिखलानं माखलेले, पाठीवर शेणखताची टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावर.

"काँग, मी चोर दिसतो का?"

"काँग कुणाला म्हणतोस? तुझी ताई शोभेन इतकी थोराड दिसते मी?"

तो हसला. खिसे उलटे केले... सुपारीचं खांड आणि एक रुमाल, बस. तरी ती मुलगी, दाफिशा, वाटेतून हलेना. त्याच्या कॉलरला ओकाचं एक पान चिकटलं होतं. तिनं ते दोन बोटांनी अलगद काढलं, बोटं मात्र जरा उशिरानंच मागं घेतली. मग पान दगडांच्या आत, देवराईत नेऊन ठेवलं.

"इथलं वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. खासी आहेस ना?"

"खासीच. पण आमच्याकडं देवराई उरलीय कुठं?"

नाव लामफ्रांग. पूर्वेकडच्या चुनखडीच्या डोंगरातला. खाणींनी डोंगर बोडका केला, झरा आटला, आणि आता तिथं पुन्हा रान उभं करायचं वेड यानं डोक्यात घेतलं होतं. दाफिशाच्या चुलीपाशी लाल चहा पीत तो हे सांगत बसला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तर आईनं न विचारताच पुथारोची, तांदळाच्या पिठाची, एक भाकरी जास्त थापली.

दाफिशा घरातली धाकटी. घर धाकटीचं आणि धाकटी घराची, ही रीतच. थोरल्या दोघी संसार थाटून शिलाँगला गेल्या. धाकटीचा नवरा नांदायला तिच्याकडं येतो. पण धुक्यात बुडालेल्या या माळावर, सासूच्या तोंडापुढं, यायचं कुणी? एक जण येतो म्हणाला होता. त्याला शहरात नोकरी लागली, आणि ते येणं राहूनच गेलं. तेव्हापासून दाफिशा वाऱ्याशी बोलायला शिकली होती.

म्हणून लामफ्रांग 'एक मागायचंय' म्हणाला तेव्हा तिला भलतंच काही वाटलं.

"ओंजळभर बी दे. देवराईतल्या सोफीच्या झाडांची फळं खाली नुसती सडताहेत. देवाला कळणारही नाही."

"देवाला नाही कळलं तरी मला कळेल."

"मग राखत बस तुझं रान! आमच्या आया उन्हातान्हात पाण्यासाठी डोंगर उतरतात... तुला काय त्याचं!"

चहा अर्धा टाकून तो निघून गेला. बरोबर बोलूनही माणूस इतका एकटा पडतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

पावसाळा सरता सरता ती देवराईखालच्या आपल्या वावरात बटाट्याची निंदणी करत होती. तण उपटता उपटता तिचा हात थबकला. सोफीची रोपं! बुलबुलांनी फळं खाऊन इथं टाकलेली. दरवर्षी तण म्हणून ती हीच रोपं उपटून फेकत आली होती.

ती धावतच मामाकडं गेली. देवराईच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. मामानं सुपारी तोंडात टाकली, ती पुरती चघळली.

"दगडांच्या आतलं देवाचं," तो शेवटी म्हणाला. "बाहेरचं... आता पाखरांचे खिसे मी तपासत बसू काय?"

"बटाटे खायचे की झाडं?" आई करवादली.

"यंदा कमी खाऊ, आई."

हिवाळाभर तिनं रोपांवर गवत पांघरलं. संध्याकाळी त्यांच्याशीच गप्पा. दुसरं होतंच कोण? वसंतात त्याला निरोप धाडला.

तो आला. डब्यांत रांगेनं मांडलेली रोपं पाहून उकिडवा बसला आणि एकेक पान चाचपू लागला.

"मी... तोंडाला येईल ते बोललो होतो."

"बोललास. मी ऐकूनही घेतलं. आता उचल डबे."

जीप भरली. तो घुटमळला.

"तूही चल ना, दाफिशा. रोपांना तुझी सवय झालीय."

"रोपांना?"

"...मला."

तिला रडू आलं, हसूही आलं. "देवराईचं पान आणि घरची धाकटी, दोन्ही बाहेर न्यायची नसतात. पण आत यायला कुणी मना केलंय?"

त्यानं जीपमधल्या डब्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "डोंगरावर ही तगली की येतो. तोवर मला हलता यायचं नाही... झाडांना घाई नसते ना."

"मला आहे," ती म्हणाली.

त्यानं एक डबा जीपमधून परत उतरवला आणि त्यातलं रोप तिच्या दारापुढं लावलं. हात झटकत म्हणाला, "याला फळ धरेपर्यंत मी आलो नाही, तर खुशाल उपटून टाक."

"तू आला नाहीस तरी मला ते उपटवणार नाही, लामफ्रांग... हीच तर माझी पंचाईत आहे."

जीप धुक्यात उतरली. आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही थांबला. आतून आईनं चहाला हाक मारली. दाफिशानं आधी रोपाभोवती काट्यांचं कुंपण घातलं, मग ती घरात गेली.